मारबाख की लाउफन?

जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या उत्तरेला, नेकार नदीच्या काठी ही दोन छोटी गावं आहेत. एकच दिवस हाताशी असेल तर कुठं जावं?

मारबाखमध्ये १७५९ साली नाटककार-कवी शिलर जन्मला, लाउफनमध्ये १७७० साली कवी होल्डरलिन. दोघांचीही गावं अगदी लहानपणीच सुटली. पण मारबाखनं शिलरचं नाव धरून केवढं उभारलं! लाकडी चौकटींच्या भिंतींचं जन्मघर आहेच, शिवाय टेकडीवर जर्मन साहित्याचं अभिलेखागार आहे. काफ्काची हस्तलिखितंसुद्धा तिथं जपली आहेत. पुस्तकवेड्यानं सरळ मारबाख गाठावं. याच मातीतला खगोलशास्त्रज्ञ टोबियास मायर मात्र शिलरच्या सावलीत राहतो, हे मनाला लागतं. त्याच्या चंद्राच्या स्थानांच्या कोष्टकांवरून भर समुद्रात रेखांश काढता येऊ लागला.

तरी माझा कौल लाउफनला. नगरपालिकेची कचेरी चक्क नदीतल्या बेटावर, जुन्या गढीत. आणि १८९१ मध्ये इथल्या पाण्यावर तयार झालेली थ्री-फेज, म्हणजे तीन तारांतून जाणारी वीज १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टला पोचली. तिथल्या विजेच्या प्रदर्शनात तिच्यावर दिवे उजळले, पंप फिरला, कृत्रिम धबधबा कोसळला. आज आपल्या घरापर्यंत वीज येते ती याच पद्धतीनं. होल्डरलिनचं घरही २०२० पासून पाहायला खुलं आहे. द्राक्षमळे दोन्हीकडे आहेत, पण वाइनसाठी लाउफनच.