कार्ल हॅन्सनची वाय चेअर: पैसे नेमके कशाचे पडतात

डेन्मार्कच्या कार्ल हॅन्सन अँड सन या कंपनीची सीएच २४, म्हणजे वाय चेअर किंवा विशबोन चेअर, १९५० पासून बनते आहे. १९०८ साली ओडेन्समध्ये सुरू झालेल्या या कारखान्याने १९४९ मध्ये हान्स वेग्नर या डिझायनरवर भरवसा टाकला. वेग्नर मुळात सुतारकाम शिकलेला, त्यामुळे कोणतं काम मशीनने करायचं आणि कोणतं हातानेच, याची जाण या खुर्चीत जागोजागी दिसते.

मागचे पाय बघा. दोन-तीन दिशांना वाकवल्यासारखे वाटतात, पण ते सपाट फळीतून कापलेले आहेत. तिरके बसवल्याने तसं दिसतं. मशीनवर एकसारखे पाय निघतात ते यामुळेच. वरची अर्धगोल पट्टी मात्र वाफेवर वाकवलेली, एकसंध. पाठीमागचा मधला वाय आकाराचा आधार नुसता शोभेचा नाही, टेकल्यावर पाठीचा भार तो खाली उतरवतो. स्वस्त नकलांमध्ये वरची पट्टी बऱ्याचदा तुकडे जोडून केलेली असते. लाकडाच्या रेषांचा प्रवाह मध्येच तुटलेला दिसला की समजावं.

खरं मोल बैठकीत आहे. साधारण १२० मीटर कागदी दोरी लागते आणि सराईत हाताला एक बैठक विणायला तासभर. चौकट पुढे रुंद, मागे अरुंद, म्हणून आधी पुढच्या कोपऱ्यांशी जादा फेरे घेऊन फरक भरून काढतात, मग चारही कोपऱ्यांतून आळीपाळीने मधे येतात. बाजेसारखंच आहे, प्रत्येक फेऱ्याला ताण सारखा हवा. एक फेरा ढिला राहिला की तिथेच दोर सरकतात, फट पडते. घेताना कोपऱ्यांतून मध्याकडे जाणाऱ्या रेघा सरळ आहेत ना, ते तपासा. बैठकीवर उभं राहू नका, गुडघाही टेकवू नका.

आपल्या घरांसाठी स्पष्ट सल्ला: साबणाचं फिनिश, म्हणजे पॉलिशऐवजी नुसतं साबणपाणी लावलेलं लाकूड, घेऊ नका. दिसतं फार सुंदर, पण उघड्या लाकडात हळद आणि तेल लगेच मुरतं, शिवाय साबणपाणी वरचेवर लावावं लागतं. पाण्याने लाकडाचे तंतू उठतात, ते वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेनेच घासायचे. जेवणाच्या टेबलाशी लॅकर, म्हणजे लाकडावर कडक थर देणारं फिनिश, बरं. दोरीवर काही सांडलं तर घासू नका, कोरड्या फडक्याने लगेच टिपून घ्या. धूळ व्हॅक्यूमच्या ब्रशने काढा.

बैठकीची उंची साधारण ४५ सेंटीमीटर. टेबलाच्या फळीखाली आडवी पट्टी असेल तर खुर्चीचे हात तिला अडू शकतात, तेव्हा आधी माप घ्या. दोरी झिजते ती बहुधा पुढच्या कडेला, मांड्यांखाली. तेव्हा खुर्ची टाकायची नसते. दोरी पूर्ण कापून, जुने खिळे काढून त्याच चौकटीवर नवी बैठक विणता येते. किंमत भारी आहे, पण हिशेब दोन-तीन बैठकांच्या आयुष्याचा करावा.