कर्मचारीच प्रतिस्पर्धी झाले तर: न्यायालय, ग्राहक की समझोता?

हाताखाली तयार झालेली माणसे एकापाठोपाठ राजीनामे देतात आणि थोड्याच दिवसांत त्याच कामाचा स्वतःचा व्यवसाय थाटून आपल्याच ग्राहकांकडे जातात, तेव्हा छोट्या व्यवसायाच्या मालकापुढे तीन वाटा उरतात: न्यायालयात जायचे, सगळे बळ ग्राहक टिकवण्यात लावायचे, किंवा गेलेल्यांशी बोलून समझोता करायचा. त्यांची तुलना करण्याआधी एक प्रश्न निकाली काढावा लागतो. त्या माणसांनी सोबत नेमके काय नेले? कामातून अंगी आलेले कौशल्य आणि ग्राहकांशी जुळलेली ओळख नेली, की ग्राहकांची यादी, आराखडे, खर्चाचे हिशेब अशी मालकाच्या मालकीची माहिती उचलून नेली? विश्वासघाताचे दुःख दोन्ही वेळा सारखेच असते, पण कायदा या दोहोंकडे फार वेगळ्या नजरेने पाहतो.

इंग्लंडमधील दोन निकालांतून हे स्पष्ट होते. १८९५ च्या रॉब विरुद्ध ग्रीन या खटल्यात व्यवस्थापकाने नोकरीत असतानाच ग्राहकांची नावे-पत्ते उतरवून घेतले होते आणि बाहेर पडल्यावर ते स्वतःच्या व्यवसायासाठी वापरले. न्यायालयाने मालकाच्या बाजूने निकाल दिला. फॅसेंडा चिकन या कंपनीच्या १९८६ मधील खटल्यात मात्र विक्री व्यवस्थापकाने ताज्या कोंबड्या शीतगाड्यांतून विकण्याचा तसाच व्यवसाय उभा केला आणि जुन्या कंपनीतले अनेक सहकारी त्याला जाऊन मिळाले. गाड्यांचे मार्ग, ग्राहकांच्या गरजा, माल पोहोचवण्याच्या वेळा, दर असे सारे त्यांना ठाऊक होते. तरीही ही माहिती व्यापारी गुपित ठरत नाही आणि करारात वेगळे बंधनही नाही, म्हणून कंपनी हरली. मालकाची हानी दुसऱ्या प्रकरणात अधिक दिसते, तरी जिंकला तो पहिला मालक, कारण त्याच्याकडे नोकरीच्या काळात घडलेल्या कृतीचा पुरावा होता.

न्यायालयाची वाट निवडणाऱ्याने म्हणूनच नियुक्तिपत्रातल्या ‘स्पर्धा करणार नाही’ या कलमावर फार विसंबू नये. भारतात करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सुटल्यानंतरचे असे बंधन सामान्यतः टिकत नाही, कॅलिफोर्नियातही ते टिकत नाही, आणि जर्मनीत टिकवायचे तर बंधनाच्या काळात माणसाला आधीच्या मोबदल्याच्या किमान निम्मी रक्कम द्यावी लागते व ती मुदत २ वर्षांपलीकडे नेता येत नाही. गोपनीय माहितीचा दावा अधिक भक्कम असतो, परंतु जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या करारातील अनुच्छेद ३९ प्रमाणे माहिती खरोखर गुप्त असावी लागते, त्या गुप्ततेमुळे तिला व्यापारी मोल असावे लागते आणि ती जपण्यासाठी मालकाने वाजवी काळजी घेतलेली असावी लागते. पासवर्ड नसलेल्या सामाईक संगणकावर सर्वांसाठी उघडी ठेवलेली यादी या कसोटीवर उतरणे अवघड आहे.

पुरावा बहुधा अगदी साध्या जागी सापडतो: राजीनाम्याच्या आदल्या रात्री खासगी ईमेलवर पाठवलेली फाइल, किंवा नव्या व्यवसायाच्या कोटेशनमध्ये आपल्याच नमुन्यातली, शुद्धलेखनाच्या त्याच चुकीसह उतरलेली अटींची ओळ. गेलेल्या माणसाचा लॅपटॉप पुसून दुसऱ्याला देण्याची घाई करू नये, कारण तिथेच दावा संपू शकतो. तात्पुरता मनाई हुकूम हवा असेल तर उशीरही चालत नाही; कित्येक महिने गप्प बसलेल्या मालकाची निकड न्यायालयाला पटत नाही. आणि रागाच्या भरात कोणाचा अखेरचा पगार अडवू नये, त्याने आपलीच बाजू लंगडी पडते.

दुसरी वाट, म्हणजे ग्राहकांची, मला बहुतेक छोट्या व्यवसायांसाठी पहिली वाटते. खटला जिंकला तरी गेलेला ग्राहक न्यायालय परत आणून देत नाही, आणि ग्राहकाचा निर्णय दाव्याच्या पहिल्या तारखेआधीच होऊन जातो. गेलेला माणूस ज्या ग्राहकांना रोज भेटत होता, त्यांना मालकाने स्वतः, लगेच फोन करावा. चालू काम कोण पुढे नेणार आणि ते केव्हा पूर्ण होणार, एवढे नेमके सांगावे. गेलेल्यांविषयी वाईट बोलू नये. ग्राहकाची त्यांच्याशी ओळख असते, त्याला अवघडल्यासारखे होते, शिवाय अब्रुनुकसानीचा प्रश्न उद्भवू शकतो. नव्या व्यवसायाचा खर्च कमी असल्याने तो दर पाडून येतो. त्याच्या बरोबरीने सगळ्यांचे दर उतरवणे ही या वाटेवरची सर्वात महागडी चूक आहे, कारण जे ग्राहक जाणारच नव्हते त्यांच्याकडूनही उत्पन्न घटते.

याच वाटेत मागे राहिलेली माणसे येतात, आणि त्यांच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. त्यांच्यावर दुप्पट काम पडलेले असते, आणि त्यातच मालक संशयाने पाहू लागला, फोन तपासू लागला, तर पुढचे राजीनामे तो स्वतःच ओढवून घेतो. जबाबदारी वाढली असेल तर मोबदला तेव्हाच वाढवावा, आणि प्रत्येक मोठ्या ग्राहकाची एकाहून अधिक माणसांशी ओळख राहील अशी कामाची फेररचना करावी.

समझोत्याची वाट अपमानकारक वाटते, पण समोरच्यालाही नोटिशीची भीती असते तेव्हा ती उपयोगी पडते. यादी परत करून प्रती नष्ट केल्याची लेखी हमी, अपुरी कामे पूर्ण करणे, ठरावीक काळ उरलेल्या कर्मचाऱ्यांना न फोडणे, इतके मिळाले तरी पुष्कळ झाले. मात्र ‘हे ग्राहक तुमचे, ते आमचे’ किंवा ‘अमुक दराखाली कोणी जायचे नाही’ असे काही लिहू नये आणि तोंडी ठरवूही नये. दोघे आता स्पर्धक आहेत, आणि स्पर्धकांनी बाजार वाटून घेणे वा दर ठरवणे बहुतेक देशांच्या स्पर्धा कायद्यांत निषिद्ध आहे. पुरावा हाती असेल तर वकिलाची नोटीस केवळ नेलेल्या माहितीपुरती मर्यादित ठेवून तिच्या आधारे अशी बोलणी करावीत, आणि ती चालू असताना ग्राहकांना करायचे फोन एक दिवसही थांबवू नयेत.