समुद्र उजव्या हाताला: सायकलसाठी मायोर्का, कॉर्सिका की सार्डिनिया?

स्पेन, फ्रान्स आणि इटलीत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे बेटाभोवती घड्याळाच्या उलट दिशेने निघालं की समुद्र उजव्या हाताला येतो आणि आपण पाण्याकडच्या लेनमध्ये असतो. तोच रस्ता दुसऱ्या दिशेने केला तर आपल्या उजवीकडे डोंगराची कातळभिंत, आणि आपल्या नि समुद्राच्या मधून समोरच्या गाड्या जात राहतात. स्पेनचं मायोर्का, फ्रान्सचं कॉर्सिका आणि इटलीचं सार्डिनिया यांपैकी एक निवडताना चढाचे आकडे सगळेच विचारतात. मी मात्र आधी हे बघतो, की समुद्र उजवीकडे ठेवून किती किलोमीटर सलग चालवता येतं.

या कसोटीवर तिन्ही बेटं अगदी वेगवेगळी निघतात.

मायोर्काचा मुख्य रस्ता म्हणजे एमए-१०. बेटाच्या वायव्येला सेरा दे त्रामुंताना ही डोंगररांग आहे, २०११ पासून जागतिक वारसा यादीत असलेली. तिच्या अंगावरून पोयेन्सापासून आंद्राचपर्यंत शंभराहून जास्त किलोमीटर हा रस्ता जातो. पोयेन्साकडून निघालात तर समुद्र उजवीकडे, पण तो दिसायला बराच वेळ लागतो. आधी युक मठापर्यंतचा चढ, मग दोन जलाशय, मग पुइग माजोर या शिखराच्या कुशीतला बोगदा, आणि तिथून सोयेर गावापर्यंत १४ किलोमीटरचा उतार. समुद्राची खरी सोबत देया गावापासून सुरू होते. पुढे बन्याल्बुफार आणि एस्तेयेंक्सच्या बाजूला डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरलेला आहे. कोकणात ज्याला गडगा म्हणतात, तशा चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांनी या पायऱ्या तोलून धरल्या आहेत. पाणी मात्र पार खाली असतं. तुम्हाला लाटेचा आवाज कानावर हवा असेल तर मायोर्काचा हा किनारा तो क्वचितच देतो, हे आधी समजून घ्यावं.

मग तिथे इतके सायकलस्वार का जातात? सा कालोब्रामुळे. आंतोनिओ पारिएत्ती या अभियंत्याने आखलेला हा रस्ता १९३२ चा. खिंडीतून निघून साडेनऊ किलोमीटर वेटोळी घेत तो समुद्रापर्यंत उतरतो, आणि तिथेच संपतो. एका जागी तर रस्ता टायच्या गाठीसारखा वळून स्वतःच्याच खालून जातो. सरासरी चढ सात टक्क्यांच्या आसपास. सिंहगडाचा घाट सायकलवर चढलेल्यांना लांबी आणि चढाव दोन्हींचा अंदाज येईल, कारण हा त्याच जातकुळीतला आहे. फरक क्रमाचा. सिंहगडावर आधी कष्ट आणि मग उतार मिळतो. इथे आधी उतरायचं आणि तोच सगळा चढ परत चढायचा, कारण दुसरी वाट नाही. सकाळी लवकर गेलात तर रस्ता तुमचा असतो. उशीर केलात तर पर्यटकांच्या बस त्या वळणांवर भेटतात. उत्तर टोकाचा फॉर्मेंतोर दीपगृहाचा रस्ताही पारिएत्तीनेच आखलेला. उन्हाळ्यात दिवसा तिथे खासगी गाड्यांना मनाई असते, सायकलला नाही.

कॉर्सिकात समुद्र सोबत असतोच. बास्तियाहून उत्तरेकडे निघून काप कॉर्स या बोटासारख्या टोकाला वळसा घालणारा डी-८० घ्या. पूर्व बाजूला तो जवळजवळ पाण्याच्या पातळीवरून जातो. गावामागून गाव, छोटी बंदरं, जेनोआच्या काळातले टेहळणी बुरूज. टोकापाशी एक खिंड ओलांडली की पश्चिम बाजू लागते आणि रस्ता कड्याच्या काठाने चालू लागतो. नोंझा गावाखालचा काळा किनारा वरून मोहक दिसतो, पण तो रंग जवळच्या अॅस्बेस्टॉस खाणीच्या टाकाऊ दगडाचा आहे. शेवटी पात्रिमोनिओचे द्राक्षमळे आणि ५३६ मीटरची तेगीमची खिंड, तिथून पुन्हा बास्तिया. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा हा दिवस होतो आणि जवळपास सगळा वेळ समुद्र उजव्या हाताला राहतो.

पश्चिमेला पोर्तो ते पियाना हा तुकडा लहान आहे, बाराएक किलोमीटरचा, पण मला तिन्ही बेटांत तो सर्वांत सुंदर वाटतो. लाल ग्रॅनाइटचे सुळके, त्यांना तासून काढलेला अरुंद रस्ता, आणि खाली पोर्तोच्या आखाताचं गडद पाणी. संध्याकाळच्या उन्हात तो दगड पेटल्यासारखा दिसतो. २०१३ मध्ये शंभरावी टूर द फ्रान्स कॉर्सिकातून सुरू झाली, तेव्हा तिसऱ्या दिवशी आजाक्सिओहून काल्वीला जाताना शर्यत याच रस्त्याने गेली. त्याआधी टूर या बेटावर कधीच आली नव्हती.

कॉर्सिका मागते ती तयारी. आतल्या भागात डांबर खडबडीत आहे, वळणापलीकडे रस्त्यावर गाय किंवा डुकरं उभी असू शकतात, आणि गावं बंद असली की दुकानही नाही. २५ मिलिमीटरचे टायर घेऊन जाऊ नका, किमान २८ हवेत. दोन जादा ट्यूब आणि टायर लिव्हर खिशात असू द्या. भाड्याच्या चांगल्या रोड सायकली मोठ्या गावांत मिळतात, पण मायोर्कासारखी गल्लोगल्ली दुकानं नाहीत. तुमच्या मापाची फ्रेम आधीच ठरवून ठेवावी लागते.

सार्डिनियाबद्दल लोक कमी बोलतात याचं मला वाईट वाटतं. वायव्येच्या आल्गेरोहून दक्षिणेला बोझापर्यंत साधारण ४५ किलोमीटरचा किनारी रस्ता आहे आणि मधे एकही गाव नाही. समुद्र उजवीकडे, डावीकडे झुडपांचे उतार, आणि डोक्यावर नशीब असेल तर गिधाडं. इथे त्यांची जुनी वसाहत आहे. रस्ता पाण्यालगत सुरू होतो, साडेतीनशे मीटरच्या आसपास चढतो आणि पुन्हा उतरत बोझाच्या रंगीत घरांशी, तेमो नदीच्या काठी येतो. वाटेत नळ किंवा टपरी मिळेल असं धरून चालू नका, दोन्ही बाटल्या भरूनच निघा. परतताना किनारा सोडून आतून विलानोवा मोन्तेलेओनेमार्गे यावं. अंतर आणि चढ दोन्ही वाढतात, पण उजव्या हाताचा समुद्र एकदा मिळाल्यावर तोच रस्ता डोंगराकडच्या लेनमधून उलटा करायला मन घेत नाही. इटलीची मोठी सायकल शर्यत म्हणजे जिरो. शंभरावा जिरो २०१७ मध्ये आल्गेरोहूनच सुटला होता. शेजारच्या दोन बेटांना दोन मोठ्या शर्यतींचं शंभरावं पर्व मिळावं, हा योग मला फार आवडतो. आणखी एक गंमत: आल्गेरोच्या जुन्या पिढीच्या तोंडी अजून कातालान भाषा आहे, म्हणजे मायोर्काच्याच घरातली.

वाऱ्याचा हिशेब मात्र चुकवू नये. सार्डिनियात मिस्त्राल वायव्येकडून येतो. आल्गेरोहून बोझाला जाताना तो पाठीशी असतो आणि किनाऱ्यानेच परत फिरलात तर तोंडावर. काप कॉर्सच्या पश्चिम बाजूला नैर्ऋत्येचा लिबेच्चिओ जोर धरतो, म्हणजे नेमका कड्याच्या काठावर समोरून. मोठा वारा असेल त्या दिवशी तो फेरा टाळून आतल्या बाजूला जावं. खोल रिमची चाकं कॉर्सिकात नकोतच.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी काळ सोयीचा आहे. मे महिन्यात इथे शाळांना सुट्टी असते आणि तिथे तिन्ही बेटांवर हवा उत्तम असते. दिवाळीच्या सुट्टीत मायोर्का आणि सार्डिनिया बहुधा ठीक असतात, कॉर्सिकात मात्र बरीच हॉटेलं तोवर बंद होऊ लागलेली असतात. जुलै-ऑगस्टला ऊन आणि गर्दी दोन्ही त्रासाचे. व्हिसा तिन्हीकडे शेंगेनचाच. दोन देश जोडणार असाल तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा.

आता निवड. भारतात डावीकडून चालवणारा, पहिल्यांदाच उजवीकडच्या रस्त्यावर येणारा आणि हाताशी एकच आठवडा असलेला सायकलस्वार असाल तर मायोर्काला जा. तिथले चालक सायकलींच्या झुंडींना सरावलेले आहेत, स्पेनमध्ये सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडण्याचा कायदा आहे, सायकल बिघडली तर बहुतेक मोठ्या गावांत दुकान आहे, आणि नको त्या दिवशी डोंगर सोडून मधल्या सपाट मैदानात बदामाच्या बागांतून चालवता येतं. गावाबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं आहे, ते घरूनच न्या. भाड्याची सायकल ताब्यात घेताना दोन्ही ब्रेक एकेक दाबून पाहा. युरोपात पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो आणि सा कालोब्राच्या उतारावर ते कळणं उशिराचं ठरेल.

समुद्रासाठीच जाणार असाल, कुटुंब सोबत असेल आणि रोज पन्नास-साठ किलोमीटर पुरे असतील, तर आल्गेरोत मुक्काम ठोका. घाटांची सवय आहे, पंक्चर स्वतः काढता येतं, दोन-चार तास माणूस दिसला नाही तरी चालतं, अशांनी कॉर्सिका करावी. मला एकच बेट पुन्हा मिळणार असेल तर मी तेच मागेन.

आणि दोन आठवडे असतील तर बास्तियाहून काप कॉर्स करून पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेला बोनिफासिओपर्यंत उतरा. तिथून फेरी तासाभरात सामुद्रधुनी ओलांडून सार्डिनियाच्या सांता तेरेसा गाल्लुराला सोडते. मग पुन्हा पश्चिम किनाऱ्याने आल्गेरो आणि बोझा. दोन्ही बेटांवर तुम्ही घड्याळाच्या उलट दिशेनेच जात असता, त्यामुळे समुद्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत उजवीकडेच राहतो.