नर्सरीतली पिशवी की कुरिअरचा खोका?

रोप नर्सरीत जाऊन पिशवीतलं निवडून आणावं की ऑर्डर देऊन कुरिअरने खोक्यातून मागवावं? पिटुनिया, डायन्थस, झेंडू यांच्यासाठी एवढा विचार करायची गरज नाही. हंगामभर फुलं बघायची आणि कुंडी रिकामी करायची. ती रोपं कोपऱ्यावरच्या नर्सरीतूनच आणावीत. प्रश्न येतो तो वर्षानुवर्षं त्याच कुंडीत राहणाऱ्या मंडळींचा. सोनटक्का, भुईचाफा, फुटबॉल लिली, हेलिकोनिया, अडेनियम, मोगरा, गुलाब. ही एकदा घरात आली की मुक्कामालाच येतात, त्यामुळे ती कुठून आणि कोणत्या अवस्थेत येतात याला महत्त्व आहे. हे मी पुण्यातल्या गच्चीवरून लिहितोय. कोकणात जांभ्याच्या मातीत, अंगणात लावणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

नर्सरीची बाजू मांडायला फार शब्द लागत नाहीत. सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूला गेलं की रस्त्याकडेला शेडनेट लागायला सुरुवात होते आणि खिशावरचा ताबा सुटतो. झाड हातात घेता येतं, पान उलटं करून पिठ्या ढेकूण ही कीड आहे का ते बघता येतं, चार पिशव्यांतली नवी फूट असलेली एक निवडता येते. भाव करता येतो, आणि चार रोपं घेतली की माळीदादा पाचवं एखादं तसंच देतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं तेव्हा तर एकाच ठिकाणी बऱ्याच जणांचा माल बघायला मिळतो. हे सुख खोक्यात नाही.

पण नर्सरीतलं रोप इथलंच असतं, हा समज जरा तपासून घ्यावा. पुण्यातल्या नर्सऱ्यांमधला बराच माल ट्रकने आंध्रातून येतो. राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या परिसरात गोदावरीकाठी गावंच्या गावं रोपं वाढवतात आणि तिथून ती देशभर जातात. त्यात वाईट काहीच नाही, उलट त्यांचं कौतुकच आहे. म्हणजे प्रवास दोन्हीकडे आहेच. एका ठिकाणी तो आपल्याला दिसतो, दुसऱ्या ठिकाणी दिसत नाही, इतकाच फरक.

माझं पारडं जिथे झुकलं ती गोष्ट या प्रवासातूनच येते. ती म्हणजे मातीचा गोळा.

ट्रकमध्ये शेकडो रोपं एकावर एक रचायची तर मुळांभोवतीची माती फुटून चालत नाही. म्हणून ती चिकण मातीच्या गोळ्यात बसवलेली असतात. वाहतुकीच्या दृष्टीने ही युक्ती उत्तम आहे, कुंडीच्या दृष्टीने मात्र ताप. ओला असताना हा गोळा साबणासारखा लागतो आणि एकदा वाळला की पाणी आत घेतच नाही. आपण कुंडीत शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडी माती असं भुसभुशीत मिश्रण भरतो आणि मधोमध हा गोळा ठेवतो. पाणी घातलं की ते बाजूच्या मिश्रणातून सरळ खाली उतरतं, कुंडीच्या भोकातून बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं झाड भिजलं. गोळा आतून कोरडाच असतो. पावसाळ्यात याच्या बरोबर उलट होतं. बाजूचं मिश्रण दोन दिवसांत सुकतं, गोळा मात्र आठवडाभर चिंब राहतो आणि मुळं कुजायला लागतात. मुळंही चिकण मातीतून बाहेरच्या हलक्या मिश्रणात यायला नाखूश असतात, तिथल्या तिथेच गोल फिरत बसतात. माझ्याकडे मोगऱ्याची कुंडी बदलायला घेतली तेव्हा तो गोळा आणला तसाच निघाला होता, पिशवीच्या तळाच्या घडीचा ठसासुद्धा शाबूत.

यावर उपाय नाही असं नाही. गोळा बादलीभर पाण्यात रात्रभर ठेवायचा आणि सकाळी बोटांनी हलक्या हाताने विरघळवत जायचं. हेलिकोनियासारखी जाड गड्ड्याची झाडं हे निमूट सोसतात. मोगरा पावसाळ्यात सोसतो, उन्हाळ्यात रुसतो. बारीक तंतुमुळांच्या झाडांची मात्र निम्मी मुळं हातात येतात, मग पानगळ, मग सावलीत ठेवून वाट बघणं. नर्सरीत विचारलं तर सांगतात, "असाच लावा साहेब, गोळा फोडू नका." त्यांचंही चुकत नाही, फोडल्यावर रोप गेलं तर बोल त्यांनाच लागणार. पण समोर उभं राहून निवडून आणलेल्या रोपाची मुळं घरी आल्यावर धुवत बसायची असतील, तर डोळ्यांनी बघून घेण्याचा फायदा अर्धा संपला असं मला वाटतं. पान बघता येतं, पण झाड ज्याच्यावर जगणार ती मुळं पिशवीत झाकलेलीच राहतात.

सगळ्या नर्सऱ्या अशा नाहीत, हे लगेच सांगायला हवं. स्वतः फाटे, म्हणजे फांद्यांचे तुकडे, लावून, आपल्या मातीत वाढवून विकणारेही आहेत. असा कोणी तुमच्या ओळखीचा असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

आता खोका. कंदवर्गीय झाडांच्या बाबतीत त्याची खरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. ही झाडं वर्षातले काही महिने झोपतात. भुईचाफा थंडीत दिसेनासा होतो आणि उन्हाळ्यात पानं यायच्या आधी जमिनीलगत नुसती फुलं काढतो. फुटबॉल लिलीही हिवाळाभर मातीखाली आणि मे महिन्यात एकदम लाल फुलांचा गोळा. कंद हलवायला हाच झोपेचा काळ सर्वांत चांगला. नेमक्या त्याच काळात नर्सरीवाल्याकडे दाखवायला काही नसतं, कारण नुसत्या मातीने भरलेली कुंडी कोण विकत घेणार? त्यामुळे नर्सरीत ही झाडं मिळतात ती पावसाळ्यात, भर पानांत, म्हणजे हलवायला सर्वांत गैरसोयीच्या वेळी.

पार्सलने मात्र जानेवारी ते मार्चमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कोरड्या कोकोपीटमधला कंद येतो. माती नाही, त्यामुळे गोळ्याचा प्रश्न नाही, वजन नाही आणि वाटेत चार दिवस जास्त गेले तरी कंदाला पत्ता नसतो. पश्चिम बंगालमधल्या कालिंपोंगकडच्या नर्सऱ्या कंद आणि ऑर्किड टपालाने पाठवत आल्या त्या काही उगाच नाही. अडेनियमचंही असंच. माती झटकून, मुळं उघडी ठेवून ते खुशाल प्रवास करतं; उलट मुळांच्या जखमा सुकल्यावरच लावलेलं बरं. माझ्याकडे पार्सलने आलेले कंद जवळजवळ सगळे उगवले. भर पानांत आणलेल्या भुईचाफ्याला पुढच्या उन्हाळ्यात फूल नव्हतं. माझी गच्ची म्हणजे काही प्रयोगशाळा नाही, तेव्हा एवढ्यावरून नियम करू नये, पण माझ्यापुरता कौल लागला.

खोक्याचे दोष झाकण्यात अर्थ नाही. पानांची झाडं, म्हणजे फर्न, पीस लिली, कॅलेथिया, एप्रिल-मेमध्ये बंद खोक्यात अक्षरशः शिजतात. ती मागवायचीच असली तर पावसाळ्यात किंवा थंडीत मागवा. रोप फोटोपेक्षा हमखास लहान निघतं. एकच रोप मागवलं तर कुरिअरचा खर्च रोपाच्या किमतीला गाठतो, म्हणून दोघा-तिघांनी मिळून मागवावं. आणि रंगांची थापेबाजी चालते. एका विक्रेत्याकडून लिलीचे वेगवेगळ्या रंगांचे म्हणून घेतलेले कंद फुलले तेव्हा सगळेच्या सगळे आपल्याकडे गल्लोगल्ली दिसते त्या केशरी लाल रंगाचे निघाले. तेव्हापासून मी फुलाचा फोटो बघत नाही. पाठवणार त्या कंदाचाच फोटो मागतो, शिवाय झाड ते स्वतः वाढवतात की दुसऱ्याकडून घेऊन पाठवतात तेही विचारतो. सोमवारी पाठवा, एवढं सांगितलं तर पार्सल शनिवार-रविवार गोदामात पडून राहत नाही.

ट्युलिप आणि हायसिंथच्या चित्रांना भुलू नये. त्यांना हिवाळ्यात खरी थंडी लागते, ती पुण्यात नाही. आधीच थंडाव्यात ठेवून तयार केलेला कंद एकदा फुलेल, पण वर्षानुवर्षं टिकणाऱ्या झाडांच्या यादीत तो बसत नाही. त्यापेक्षा सोनटक्क्याचे भाऊबंद बघा. नर्सरीत सहसा एकच पांढरा मिळतो, पार्सलने पिवळे आणि नारिंगीही मिळतात. फक्त ते उंच डोंगराळ भागातले नाहीत ना, एवढी चौकशी करून घ्या.

फळझाडांना यातलं काहीच लागू नाही. आंबा, काजू, कोकमाची कलमं खोक्यातून मागवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बियांपासून केलेलं रोप नर निघालं की कित्येक वर्षं सांभाळूनही फळ नाही. तिथे खात्रीचं कलम हवं आणि ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेसारख्या ठिकाणाहून घ्यावं, गाडीखर्च झाला तरी.

गुलाबही मी नर्सरीतूनच आणतो. खुंटावर बसवलेला डोळा, म्हणजे अंकुर, नीट भरला आहे का, जोडाच्या खालून खुंटाची, म्हणजे ज्याच्यावर कलम केलं त्या झाडाची, फूट तर आलेली नाही ना, हे फोटोत कळत नाही. मोगऱ्याचं अजून माझं ठरत नाही. बहुधा पावसाळ्याच्या सुरुवातीला नर्सरीतून घेणंच बरं, फक्त घेण्याआधी पिशवी बाजूने अंगठ्याने दाबून बघा. माती दबली तर घ्या. दगडासारखी लागली तर भाव कितीही कमी असो, पिशवी खाली ठेवा आणि फाटे इथेच लावता का, ते माळीदादांना विचारा.