प्रयोगाचं रेकॉर्डिंग की श्रुतिका?

ठाण्याहून रोज वाशीला जाणाऱ्या शेजारच्या ताईंनी विचारलं, लोकलमध्ये ऐकायला काय बरं: नाटकाच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग की स्टुडिओत केलेली श्रुतिका?

आधी आवाज. श्रुतिकेत नट माइकसमोरच असतो, त्यामुळे तुर्भ्याच्या गर्दीतही शब्द कळतो. प्रयोगात नट विंगेकडे वळला की वाक्य निम्मं हरवतं, आणि खोकणारे असतातच.

न दिसणाऱ्या हालचालींचा प्रश्न त्याहून मोठा. नटाने मुद्राभिनय केला, अख्खं थिएटर हसलं, आपण मात्र कोरडे! श्रुतिका कानांसाठीच लिहिलेली असते. कोण आलं, कोण गेलं हे संवादातून, पावलांतून, दाराच्या आवाजातून समजतं.

तरीही विनोदी नाटक मी प्रयोगाचंच ऐकेन. हशा चढतो तसा नट थांबतो, तो ओसरायला लागला की नेमक्या क्षणी पुढचं वाक्य टाकतो. कधी टाळ्यांमुळे एखादी जागा लांबवतो. ही देवाणघेवाण स्टुडिओत नसते. गडकरी रंगायतनला मागच्या रांगेत बसून नाटक पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

वेळेचं म्हणाल तर ठाणे-वाशी जेमतेम अर्धा तास. दोन अंकी नाटकाचे तुकडे पडतात, छोटी श्रुतिका एका फेरीत संपते. खर्चात फारसा फरक नाही.

ताईंना प्रवासासाठी श्रुतिकाच सुचवली. प्रयोग रविवारी दुपारी, घरच्या स्पीकरवर. त्यातही आधी पाहिलेलं नाटक असेल तर उत्तम, न दिसणारं आपोआप आठवतं.