बॅकरेस्टच्या बॅगेपायी गेलेले ९,९४८ रुपये

मागे बसून बायकोची कंबर धरते, म्हणून माझ्या मीटिऑर ३५० मोटरसायकलला बॅकरेस्ट, म्हणजे पाठ टेकायची गादी, लावून घेतला होता. पुण्याहून गणपतीपुळ्याला जायचं ठरलं आणि त्या बॅकरेस्टच्या मागे बसेल अशी बॅग शोधू लागलो. नाना पेठेत दोन दुकानं पालथी घातली. तिथल्या बॅगा सीटवर बांधायच्या होत्या. मग बायकोने बसायचं कुठे?

सोशल मीडियावर एक पेज सापडलं. किंमत ४,७९९, सगळे पैसे आधी, कारण म्हणे ‘आम्ही मापाने शिवून देतो’. या एका वाक्याला मी भुललो. अहो, मापाने शिवणारा आधी माप विचारतो! यांनी विचारलंच नाही. मीच टेप लावून गादीची रुंदी ११ इंच, जाडी ३ इंच असं लिहून पाठवलं. लगेच उत्तर आलं, ‘सब गाडी में फिट होता है सर.’ गादीवरून चढवायची खोळ किती रुंद आहे? तळ कॅरिअरवर टेकतो की सगळं वजन बॅकरेस्टच्या बोल्टांवर लटकतं? बाजूचे पट्टे कुठे अडकवायचे? एकाही प्रश्नाला उत्तर नाही. फोटोतल्या गाडीची नंबरप्लेट परदेशी होती. मला ती दिसली होती. दिसली होती, तरी पैसे भरले. निघायला सहाच दिवस उरले होते, दुसरीकडे अशी बॅग मिळत नव्हती. माझ्या जागी कोणीही हेच केलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

आली ती कॉलेजची पातळ सॅक. खोळ नाही, पट्टे नाहीत.

परत पाठवायला कुरिअरचे ३५० गेले. मग ‘रिफंड’चा क्यूआर आला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे आईला मीच शिकवलंय. पण मी ऑफिसात, फोनवर तो पेजवाला ‘दो मिनट में बंद हो जाएगा’ म्हणून मागे लागलेला. पिन टाकला. आणखी ४,७९९ गेले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, तासभरही थांबू नका. मी रात्री केला. पोचपावती क्रमांक मिळाला, तो घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. ते म्हणाले सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. पुन्हा ठाण्यात दीड तास बाकावर बसवलं आणि साहेब म्हणाले, ‘शिकलेले आहात ना तुम्ही?’ शिकलेल्याचे पैसे चोरले तर ती चोरी नाही का? बँकेने तर एका ओळीत हात झटकले, पिन तुम्हीच टाकलात. ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कोणीतरी, कोणत्यातरी बँकेत, कागदपत्रं देऊनच उघडलंय ना! त्याला कोणी का विचारत नाही?

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याला नाव-पत्ता दाखवावा लागतो. त्या पेजवर फक्त मोबाइल नंबर होता. पत्ता नसेल तर एक रुपयाही पाठवू नका. खोळीच्या आतल्या बाजूचा, टेप लावलेला फोटो मागा. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता. आणि बॅकरेस्टमागे कॅरिअर नसेल तर अशी बॅग घेऊच नका, ती खाली सरकून मागचा दिवा झाकते.

सोमवारी रजा टाकून चौथ्यांदा पोलिसांकडे जातोय. या वेळी लेखी पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.