वयाचे चढउतार की बायपोलरची सुरुवात? कशाशी काय ताडून पाहावं

रात्रीचे दोन वाजलेत आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या खोलीत दिवा चालू आहे. एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तो मोबाइलवर असेल, तर सकाळी उठणं त्याच्या जिवावर येईल. काळजीने तळमळत असेल, तर दुसऱ्या दिवशी डोकं जड असेल, वर्गात डुलक्या लागतील. पण तो तीन तास झोपून पहाटे ताजातवाना उठला, अख्खं कपाट रिकामं करून नव्याने लावायला बसला, दिवसभर दमला नाही आणि हेच सलग चार-पाच दिवस चाललं, तर गोष्ट वेगळी आहे. झोप न येणं आणि झोपेची गरजच न वाटणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल, तर मी हा फरक ठेवायला सांगेन.

बायपोलर विकारात नैराश्याचे आणि उन्मादाचे, म्हणजे मन आणि ऊर्जा अतोनात चढलेली असण्याचे, कालखंड येतात. निदानाच्या निकषांत उन्माद किमान 7 दिवस, सौम्य उन्माद म्हणजे हायपोमॅनिया किमान 4 दिवस आणि नैराश्य किमान 2 आठवडे टिकलेलं असावं लागतं. आजाराची सुरुवात बऱ्याचदा 15 ते 25 या वयात होते. नेमक्या याच वयात सगळ्याच मुलांचं मन हेलकावे खात असतं, म्हणून तर ओळखणं इतकं अवघड जातं. पहिल्या लक्षणापासून योग्य निदानापर्यंत पाच-पाच वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जाणं नवीन नाही.

नुसतं वय असेल तर

वयात येणाऱ्या मुलाचा मूड काही तासांत बदलतो आणि शोधलं तर त्याला कारण सापडतं. घरी तोंड फुगवून बसलेली मुलगी मैत्रिणीचा फोन आला की खिदळते. उशिरा झोपून उशिरा उठणं हेही या वयात स्वाभाविक आहे, कारण शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं.

बायपोलरमध्ये एखादीच गोष्ट बदलत नाही. बोलण्याचा वेग, झोप, अंगातली ताकद, विचारांची धाव, स्वतःबद्दलच्या कल्पना हे सगळं एकाच सुमारास बदलतं, आणि ते घरीही दिसतं, शाळेतही, मित्रांतही. ‘हा आमचा मुलगाच वाटत नाही’ असं घरचे म्हणतात, तेव्हा ते वाक्य गांभीर्याने घ्यावं. तुलना शेजारच्या मुलाशी करू नका. तुमचं मूल सहा महिन्यांपूर्वी कसं होतं, त्याच्याशी करा.

अतिचंचलता आणि चिडचिड

एडीएचडी म्हणजे अतिचंचलतेचा विकार आणि उन्माद यांत गल्लत सहज होते. दोन्हीत मूल खूप बोलतं, लक्ष टिकत नाही, मध्येच तोंड घालतं. पण एडीएचडी लहानपणापासून, 12 वर्षांच्या आधीपासून असतो आणि रोजचाच असतो. त्याला ‘मागच्या मंगळवारपासून’ अशी सुरुवात नसते. उन्मादाला असते. त्याशिवाय कारण नसताना उसळणारा आनंद, ‘मला सगळं जमतं, मला शिक्षकांची गरज नाही’ असा फुगलेला विश्वास, विचार पकडता येत नाहीत इतके धावणं, वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं-वागणं हे उन्मादाकडे बोट दाखवतं. दोन्ही विकार एकत्रही असू शकतात. म्हणून लहानपणापासूनचा एडीएचडी पंधराव्या वर्षी ‘एकदम वाढला’ असं वाटलं, तर तो खरंच तोच आहे का, हे विचारावं.

चिडचिडीबद्दल अमेरिकेतला अनुभव सांगण्यासारखा आहे. तिथे 19 वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये बायपोलर निदानासाठी होणाऱ्या डॉक्टरांच्या भेटी 1994-95 साली लाखामागे 25 होत्या, 2002-03 पर्यंत त्या 1003 झाल्या. आजार चाळीस पटींनी वाढला नव्हता. सतत चिडकी, संतापाचे स्फोट होणारी अनेक मुलं त्या नावाखाली मोजली जात होती. पुढे 2013 साली डीएसएम-5 या अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत अशा मुलांसाठी वेगळं निदान आलं: आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा उद्रेक, मधल्या काळातही चिडचिड, आणि हे किमान वर्षभर. या मुलांचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यात बायपोलरपेक्षा नैराश्य आणि चिंतेचे विकार जास्त आढळले. मला यातून घेण्यासारखं हे वाटतं की रोजची जुनी चिडचिड त्रासदायक असली, तरी बायपोलरची शंका तिच्यापेक्षा अचानक आलेल्या आणि ऊर्जा-झोप बदलून टाकणाऱ्या चिडचिडीवरून जास्त घ्यावी.

नैराश्य: सगळ्यात अवघड जोडी

बऱ्याच मुलांत बायपोलरची पहिली पायरी नैराश्यच असते. उन्माद नंतर, कधी काही वर्षांनी येतो. त्यामुळे पहिल्या खेपेला दोन्ही हुबेहूब सारखे दिसू शकतात. तरी काही गोष्टी शंका वाढवतात: नैराश्य लहान वयात आणि अचानक आलं, झोप कमी होण्याऐवजी दिवसदिवस वाढली, हालचाल शिशासारखी जड झाली, भास होऊ लागले, किंवा नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्यावर मूल भलतंच उत्तेजित झालं.

आणि रक्ताच्या नात्यातला बायपोलर. हे डॉक्टरांपासून लपवू नका. ‘काकांना मध्येच काहीतरी व्हायचं, मग ते पैसे उधळायचे’ एवढं धूसर ठाऊक असलं तरी सांगा. बायपोलरचा कल असलेल्या मुलाला नुसती नैराश्यावरची गोळी दिली, तर ती उन्मादाकडे ढकलू शकते, आणि ही माहिती उपचार बदलते.

शरीराच्या खुणा कितपत कामाच्या?

सर्वसाधारण लोकांत हा विकार शंभरात एक-दोघांना होतो. आई किंवा वडिलांना असेल, तर शंभरातल्या पाच ते दहा मुलांना. म्हणजे किमान नव्वदांना होत नाही, हेही तितक्याच जोराने सांगायला हवं. बायपोलर असलेल्या पालकांच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासांत लहानपणची चिंता आणि झोपेच्या तक्रारी पुष्कळदा आधी दिसल्या, मूडचे विकार नंतर. पण चिंता कितीतरी मुलांना असते, त्यावरून भाकीत होत नाही. उन्मादाचे छोटे, अर्धवट झटके मात्र जास्त बोलके असतात. अशा मुलांच्या एका अमेरिकी अभ्यासात साधारण पाच वर्षांत 45 टक्के मुलांना पूर्ण स्वरूपाचा विकार झाला. घराण्यात उन्मादाचा इतिहास असलेल्यांत हे प्रमाण 58 टक्क्यांच्या आसपास होतं.

मेंदूच्या स्कॅनबद्दल पालक फार विचारतात. बायपोलर असलेल्या किशोरांच्या गटांत भावनांशी संबंधित अमिग्डाला हा भाग सरासरीने लहान आढळला आहे. पण ती गटाची सरासरी आहे. एका मुलाचा स्कॅन पाहून ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगता येत नाही. निदान करणारी रक्ताची किंवा जनुकांची चाचणीही नाही. थायरॉइडची तपासणी होते ती दुसरं कारण वगळण्यासाठी. स्टेरॉइड आणि नशेचे पदार्थ घेतले आहेत का, तेही त्यासाठीच विचारतात. स्कॅनपेक्षा घरची एक वही मला मोलाची वाटते: किती वाजता झोपला, कधी उठला, अंगात ताकद कशी होती, मूड कसा होता. रोज एक ओळ पुरे.

थांबायचं की जायचं?

उदासी किंवा चिडचिड सौम्य आहे, कारण ठाऊक आहे, जेवण-शाळा-मित्र चालू आहेत, तर दोन-तीन आठवडे वही ठेवून पाहायला हरकत नाही. चार दिवस झोपेची गरज कमी, ऊर्जा जास्त आणि वागणं वेगळं असेल, तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. घरात कोणाला बायपोलर असेल, तर चार दिवसही मोजत बसू नका. मरणाचं बोलणं, भास, जिवावर बेतेल असं वागणं दिसलं, तर त्याच दिवशी जा. मुलाला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. गेलं म्हणजे लगेच शिक्का बसतो, ही भीती मला समजते. पण चांगला डॉक्टर पुष्कळदा पहिल्या भेटीत नाव देतच नाही. तो वही मागतो आणि पुन्हा बोलावतो.

मुलाला तयार करणं हे वेगळंच काम आहे. उन्मादाच्या सुरुवातीला त्याला आयुष्यात कधी नव्हे इतकं छान वाटत असतं. तेव्हा ‘तुला काहीतरी झालंय’ म्हटलं की भांडण होणारच. त्याच्या आनंदाबद्दल वाद घालू नका, झोपेबद्दल बोला: ‘चार रात्री तू तीन-तीन तासच झोपलायस, मला काळजी वाटते, एकदा डॉक्टरांना विचारून येऊ.’